दीड तांब्या

सव्वीस वह्यांपैकी एकोणीस तपासून झाल्या होत्या आणि शिवकांताची लाल पेन्सिल आता डोळ्यांच्या आधीच चालत होती. शनिवारची दुपार. नर्सिंगच्या शाळेची इमारत भाड्याची, वर पत्रे, आणि चैत्र अजून सरला नव्हता तरी पत्र्याखाली बसणाऱ्याची पार भाजी होत होती. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं, पण छापील कागदांवर अजून उस्मानाबादच होतं. ते खोडून शेजारी हातानं ‘लातूर’ लिहायचं, हा कारकुनापासून पहिल्या वर्षाच्या मुलींपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला उद्योग. जिल्ह्याला साहेब आले, पाट्या आल्या, पांढऱ्या गाड्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. विसावी वही चांगुणाची होती. ही मुलगी किनवटकडची, जंगलातल्या गावातली, वसतिगृहात वाढलेली. वर्गात चार शब्द बोलली तर तीन ऐकू येत नसत, पण अक्षर टपोरं आणि स्वच्छ. अभ्यास सगळ्यांना एकच दिला होता: गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे तीन वेळा जायचं, बोलायचं आणि लिहायचं. शिवकांतानं वही उघडली. ‘नाव : मलप्पा. वय : अंदाजे अठ्ठ्याहत्तर. धंदा : पूर्वी सुतळीचे व दोरांचे दुकान होते. राहणे : गोलाईच्या मागे, दुकानामागची खोली. दुकान आता रेडिओ दुरुस्तीवाल्याला दिले आहे.’ तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग उचलली. मलप्पा लातुरात पुष्कळ असतील. पण गोलाईच्या, म्हणजे बाजारातल्या गोल पेठेच्या मागे, सुतळीचं दुकान आणि पुढं रेडिओवाला, असे मलप्पा एकच होते, आणि ते तिचे वडील होते.

तिला आधी आला तो राग. आपल्या घरात कोणी न विचारता शिरलं, असा. पण घर तिचं कुठं होतं? ती राहत होती दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये, मैलभर लांब. नवरा उदगीरचा, तो जाऊन दहा वर्षं झाली होती, आडनाव त्याचं, मूलबाळ नाही. चांगुणाला कळणार तरी कसं? तिनं आपली गल्ली वाटून घेतली, दार उघडं दिसलं, गेली. शिवकांतानं पुढं वाचलं, आणि सवय अशी की वाचताना चुका शोधत गेली. ‘पाय : गुडघे दुखतात. दृष्टी : डाव्या डोळ्याने कमी. दात : चार.’ पाच, तिच्या मनात आलं, आणि मग आलं की आपण शेवटचे कधी मोजले होते. ‘रात्री कपडे ओले होतात. त्यामुळे दुपारनंतर पाणी पीत नाहीत. धोतर स्वतः वाळत घालतात, कोणाला सांगत नाहीत.’ इथं पेन्सिल थांबली. ‘जेवण : एक दिवस आड जेवतात. कारण विचारले असता म्हणाले, पाणी एक दिवस आड येते.’ चांगुणानं ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली होती आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे तिला कळलेलं नव्हतं. शिवकांताला कळलं. काळीज चरकलं म्हणतात ते तिनं रोग्यांच्या नातेवाइकांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. आपल्याला झालं तेव्हा मात्र ती नुसती खुर्चीत मागं सरकून बसली. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘नातेवाईक : एक मुलगा नांदेडला. एक मुलगी. नर्स आहे, पण लांब असते.’

हे चूक आहे, म्हणून लाल पेन्सिल तिथं टेकली. मैलभर म्हणजे काही लांब नव्हे. बुधवारी आणि रविवारी ती जात होती, चुकवत नव्हती. जायची, नाडी बघायची, डोळ्याची पापणी खाली ओढून बघायची, टॉनिकच्या बाटलीत किती उरलंय ते उजेडात धरून बघायची. ‘जेवता ना अप्पा?’ ‘हाव.’ शेजारची केवळाबाई सकाळी नऊला भाकरीचा डबा आणून ठेवायची, तिलाही विचारायची. ‘डबा रिकामाच असतो की बाई रोज,’ केवळाबाई म्हणायची. तरी अप्पा वाळत चालले होते. दोन महिन्यांत सदऱ्याचे खांदे खाली उतरले. बोलता बोलता शब्द विसरायचे, मान टेकवून तसेच बसायचे. वय झालं, भूक मंदावली, असा तिनं मनाशी निदानाचा शिक्का मारला आणि नांदेडला भावाला पत्र टाकलं. पंचाक्षरी तिथं पाटबंधाऱ्याच्या कचेरीत होता, दोन खोल्यांचं घर होतं, नळाला पाणी होतं. तो उद्या रविवारी सकाळच्या एसटीनं येणार होता, अप्पांना न्यायला. अप्पांना विचारलं तेव्हा ते इतकंच म्हणाले होते, ‘न्या की. मी काय, गाठोडं.’ हे त्यांनी हसून म्हटलं होतं आणि तीही हसली होती. आता ते वाक्य तिच्यासमोर त्या वहीत नसलेल्या एखाद्या रकान्यासारखं येऊन उभं राहिलं, आणि पेन्सिल ‘लांब’ या शब्दावर टेकूनही रेघ ओढायला तयार होईना, कारण खोडावं असं त्यात काही सापडत नव्हतं.

अप्पा लिंगायत, आणि जुन्या वळणाचे. गळ्यातल्या दोऱ्याला चांदीची डबी, डबीत लिंग. सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, मग ते लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी घालायचं, ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं, आणि मगच तोंडात अन्न. अंग धुतल्याशिवाय लिंगाला हात लावायचा नाही, आणि लिंगाला पाणी घातल्याशिवाय घास नाही. हे तिला चार वर्षांची असल्यापासून माहीत होतं. समोरच्या हातपंपावर अप्पा पहाटे पाचला आंघोळ करायचे. तो पंप दिवाळीनंतर कोरडा पडला. टँकर एक दिवस आड, दुपारी. केवळाबाई त्यांच्यासाठी घागर भरून ठेवायची, ती प्यायला. टँकरच्या दिवशी वर बादलीभर मिळायचं, त्या दिवशी आंघोळ, पूजा, जेवण. मधल्या दिवशी रात्रीचं ओलं धोतर, तसंच अंग, मग लिंग हातात कसं घ्यायचं? म्हणून जेवण नाही. आणि डबा? डबा गल्लीतल्या गाईला जात असणार, म्हणून रिकामा. सगळं इतकं सोपं होतं. ज्या मुलीला लिंग म्हणजे काय हे ठाऊक नाही तिनं ते टिपून आणलं, आणि जिला जन्मापासून ठाऊक ती बाटली उजेडात धरून टॉनिक मोजत राहिली.

बरं, चांगुणाला विचारायला शिकवलं कोणी? हिनंच. म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा हा विषय पुस्तकात दीड पानाचा होता. शिवकांतानं तो तीन महिन्यांचा केला होता, आणि प्राचार्यांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे बिनदिक्कत कानाडोळा केला होता. ती मुलींच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि दुसऱ्या मुलीला सांगायची, हिला वरण-भात भरव, न बोलता. नांदेडची विनीता पहिल्याच घासाला दचकून ठसकली, सगळा वर्ग हसला. मग विनीता म्हणाली, ‘मॅडम, घास येतोय हे सांगितलंच नाही हिनं,’ आणि हसू थांबलं. ती मुलींना तासभर खाटेवर निजवायची, उठायचं नाही, कूस बदलायची असेल तर मागायचं. आणि या वर्षी पाणी नाही म्हणून तिनं दीड तांब्यातली आंघोळ बसवली होती. एक तांब्या कोमट पाणी अंग पुसायला, अर्धा तांब्या शेवटी स्वच्छ फडक्याला. दोन वाट्या, चार फडकी, आधी डोळे, मग तोंड, मग हात, जेवढं पुसायचं तेवढंच उघडं टाकायचं, बाकी चादरीखाली. दवाखान्यात तिला पाठीमागं ‘दीड तांब्या बाई’ म्हणत, हे तिला ठाऊक होतं आणि ते तिला मनातून आवडायचं. आणि सगळ्यात आधी ती शिकवायची एक प्रश्न. ‘काय होतंय, असं म्हाताऱ्या माणसाला विचारायचं नाही. ते म्हणणार, काही नाही. विचारायचं, सकाळी उठल्यावर तुम्ही पहिलं काय करता? आणि गप्प बसायचं. उत्तर आलं तरी आणखी थोडं गप्प बसायचं. पहिलं उत्तर तुमच्यासाठी असतं. खरं त्याच्यामागून येतं.’ हा प्रश्न तिनं आजवर पाच-सहाशे म्हाताऱ्यांना विचारला असेल. अप्पांना नाही. अप्पा सकाळी उठल्यावर पहिलं काय करतात ते तिला माहीत होतं ना.

पण हेही पुरतं खरं नव्हतं, आणि पत्र्याखाली घाम पुसत बसलेल्या तिला ते टाळता येईना. अप्पांच्या पूजेच्या वेळी ती जातच नव्हती. ठरवून अकरा वाजता जायची. एकोणीस वर्षांची असताना ती औरंगाबादला प्रशिक्षणाला गेली, तेव्हा तिच्याही गळ्यात तशीच डबी होती, तिच्या आईनं, म्हणजे अव्वा नीलाबाईनं, दोरा स्वतः वळून दिलेली. तिथल्या मेट्रननं पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या गळ्यावरून नजर फिरवली. रोग्यावर वाकायचं, जखम धुवायची, गळ्यात काही लोंबता कामा नये. कुणी मंगळसूत्र आत खोचलं, कुणी ताईत काढला. हिनं डबी काढून ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवली. रात्री घालीन म्हणाली, आठवडाभर घातलीही. मग राहिलं ते राहिलंच. दिवाळीला घरी आली, पानावर बसली आणि वाढायला वाकलेल्या अव्वाचा हात तिच्या मोकळ्या गळ्याजवळ थांबला. अप्पांनीही पाहिलं. कोणी काही बोललं नाही. अप्पा जेवून उठले, आणि त्या दिवसापासून पूजेचं पाणी त्यांनी आपलं आपण भरून घेतलं. आधी ते काम तिचं होतं. ज्याच्या गळ्यात लिंग नाही त्याच्या हातचं पाणी लिंगाला चालत नाही, असं तिनं लहानपणी कुठल्याशा आत्याच्या तोंडून ऐकलं होतं. तिनं ते आठवलं आणि अप्पांच्या गप्प बसण्याला जोडलं. सत्तावीस वर्षं. तेवढ्या काळात अव्वा गेली, नवरा गेला, निजामाच्या वेळचं गाव जिल्ह्याचं ठिकाण झालं, आणि ती रोज परक्या माणसांची अंगं धूत राहिली.

रविवारी सकाळी सहाच्या आधीच ती निघाली. हातात क्वार्टरमधल्या आपल्या वाटणीच्या पाण्याची किटली, पिशवीत दोन वाट्या, चार फडकी आणि टॉवेल. ट्रंक तिनं आदल्या दिवशी संध्याकाळीच उघडली होती. डबी होती, चांदी काळी पडली होती, दोरा बोट लावताच तुटला. ती तशीच परत ठेवून दिली. आज अचानक गळ्यात घालून जाणं म्हणजे अप्पांना फसवण्यासारखं वाटलं. गोलाई नुकती झाडली जात होती, धूळ खाली बसायला तयार नव्हती. दार लोटलेलंच होतं. अप्पा खाटेवर उठून बसले होते, दोरीवर धोतर वाळत होतं, आणि तिला बघून त्यांची नजर आधी त्या धोतराकडे गेली.

‘आज येवढ्या लवकर? पंचाक्षरी आला का?’

‘साडेदहाला येईल. अप्पा, मला एक विचारायचंय.’

‘विचार की.’

ती खाटेच्या कडेवर बसली. उभं राहून विचारायचं नाही, हेही तीच शिकवत होती. ‘सकाळी उठल्यावर तुम्ही पहिलं काय करता?’

अप्पांनी तिच्याकडे नीट बघितलं. ‘परवा एक पोरगी आलती. तिनं बी हेच इचारलं.’

‘तिला सांगितलं ते मलाही सांगा.’

‘तुला ठावं हाय की समदं. लिंगपूजा करतो.’

हे पहिलं उत्तर होतं. ती गप्प बसली. बाहेर कोणी तरी रिकामी घागर घरंगळत नेत होतं, टँकरच्या रांगेत जागा धरायला. आज टँकरचा दिवस नव्हता तरी. गप्प बसणं इतकं जड असतं हे तिनं मुलींना कधी सांगितलं नव्हतं. दोनदा तिच्या तोंडावर आलं, राहू द्या अप्पा, मला कळलंय. तिनं ते गिळलं.

‘पहिलं हात फिरवून बघतो,’ अप्पा शेवटी म्हणाले, भिंतीकडे बघत. ‘वलं हाय का कोरडं. कोरडं असलं तर बरं वाटतं. पर आजकाल रोजच वलं. मंग काय, बसून राहायचं. तसल्या अंगानं लिंग हातात घ्यावं का मानसानं?’

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तुला कामून सांगावं? लोकांची घाण काढून राहिली दिवसभर. घरी येऊन बापाचं बी?’ ते थांबले. तिनं तेवढंही गप्प राहून जाऊ दिलं. ‘आन् तू ते काढून ठेवलंस. तवाच समजलं मला, की पोरीला आता ह्याचं वावडं झालं. शिकलेली हाय, तिचं ती बघंल. मंग पूजेचं पानी भर म्हणून कशाला तकलीफ द्यावी. आपलं आपण भरलं.’

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, बरोबर ऐकलं, आणि सत्तावीस वर्षं हे वाक्य याच खोलीत होतं. ‘मला वाटलं,’ ती म्हणाली आणि तिचा आवाज वर्गातला राहिला नाही, ‘मला वाटलं माझ्या हातचं पाणी तुम्हाला चालत नाही.’

‘कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही.’

‘मंग,’ अप्पा म्हणाले. एवढंच. त्यांना हसायचं होतं की रडायचं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि तिच्या डोळ्यांतून मात्र सरळ पाणी आलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि स्टोव्ह पेटवला.

दीड तांब्या पाणी. आधी डोळे, आतल्या कोपऱ्यातून बाहेर. मग तोंड, कानामागं, गळा. दोऱ्यातली डबी अप्पांनी स्वतः मुठीत धरून ठेवली, तिनं त्या मुठीभोवतून फडकं फिरवलं. हात, बोटांच्या बेचक्या. छाती इतकी खाली गेली होती की फडकं बरगड्यांवर अडखळत होतं. ती सांगत गेली, मुलींनी सांगावं तसं: आता पाठ घेते अप्पा, आता कूस बदला, आता पाय. चादर जिथली तिथं सरकवत राहिली, आणि शेवटचं अंग पुसायची वेळ आली तेव्हा फडकं पिळून त्यांच्या हातात दिलं आणि चादर धरून पाठमोरी उभी राहिली. अप्पांनी हळूहळू आवरलं. कोरडं धोतर नेसवताना ते तिच्या खांद्यावर हात टेकून उभे राहिले, आणि त्या हाताला वजन कसं ते नव्हतंच. हजार लोकांची अंगं तिनं पुसली होती. त्यात तिचं काही शिल्लक राहत नसे, आणि राहू नये असंच ती शिकवत होती. आज तिला आपल्या हातांची बोटं न् बोटं कळत होती.

अप्पा भिंतीला टेकून बसले, कपाळाला भस्म लावलं, डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं. फुलपात्रात पाणी होतं. उजव्या हातानं ते उचलायला गेले तर हात लटलट कापायला लागला आणि होतं त्यातलं निम्मं चटईवर सांडलं. त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘तू घाल.’

‘मी?’

‘हात धुऊन ये.’

नर्सिंगच्या पहिल्या दिवसाचा पहिला धडा. किटलीच्या तळाशी होतं तेवढ्यात तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, बोटांच्या मधून, आणि येऊन त्यांच्या तळहातावर थेंब थेंब पाणी घालत राहिली. तळहात स्थिर होता. थेंब ओघळून मनगटापर्यंत आला तो त्यांनी ओठांनी टिपला.

साडेदहाला पंचाक्षरी आला तेव्हा अप्पा भाकरी दुधात कुस्करून खात होते, दुसरी. त्याच्या हातात मोठी रिकामी पिशवी होती, अप्पांचे कपडे भरायला आणलेली. तो दारातच थांबला. ‘अक्का, तू तर लिहिलं होतंस जेवतच नाहीत.’

‘मी यायचा न्हाई,’ अप्पांनी घास संपवून सांगितलं. ‘तुझ्याकडं नळ हाय, तुझी बायको चांगली हाय, मला ठावं हाय. पर तिथं माझं अंग कोण पुसंल? तिला बी लाज, मला बी लाज.’

‘मग इथं कोण पुसणार?’ पंचाक्षरीनं विचारलं. त्यात खोच नव्हती, हिशेबी माणसाचा सरळ प्रश्न होता. अप्पा भाकरीकडे बघत राहिले. ते मागणार नव्हते. त्यांनी कधीच मागितलं नसतं. मुलींना ती शिकवायची की न मागितलेलं ओळखायचं असतं, आणि आता तिच्या डोक्यात भराभर सगळं येऊन गेलं, सातची ड्यूटी, पावसाळ्यात चिखल, आपले स्वतःचे दुखायला लागलेले गुडघे, आणि हे आठ दिवसांचं नाही, हे किती दिवसांचं ते कोणालाच सांगता येणार नाही.

‘मी,’ ती म्हणाली. ‘रोज सकाळी सहाला.’

‘रोज?’

‘रोज.’

पंचाक्षरी काही तरी म्हणणार होता, ते त्यानं बदललं. पिशवी घडी करून काखेत मारली आणि अप्पांच्या शेजारी चटईवर बसला. दुपारच्या गाडीनं तो परत गेला. जाताना केवळाबाईला सांगून गेला की डबा नऊच्या ऐवजी सातला दिला तरी चालेल.

सोमवारी वर्गात वह्या वाटल्या. चांगुणानं आपली उघडली. शेवटच्या रकान्यात ‘पण लांब असते’ यावर लाल रेघ होती आणि शेजारी, कागदांवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहितात तसं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘रोज सकाळी सहाला येते.’ चांगुणानं ते दोनदा वाचलं. मग तिनं हात वर केला. हात वर करायची तिची ही पहिलीच वेळ असेल.

‘मॅडम, हे मी चुकवलं न्हाई. त्या आजोबानं असंच सांगितलं मला. तीनदा गेले मी.’

‘तू चुकवलं नाहीस,’ शिवकांता म्हणाली. ‘तू गेलीस तेव्हा ते खरं होतं.’

‘मंग आता सहाला येते, हे तुमाला कसं ठावं?’

खिडकीबाहेर टँकरचा भोंगा वाजला आणि सगळ्यांचे कान क्षणभर तिकडं गेले, मग परत आले. वही परत घेऊन, नंतर बघू, असं म्हणता आलं असतं. शिवकांतानं खडू टेबलावर ठेवला.

‘ती मुलगी मी आहे,’ ती म्हणाली.

उत्तर आलं तरी लगेच बोलायचं नाही, हे तिनंच शिकवलं होतं. सव्वीस मुली गप्प बसून राहिल्या, आणि थोड्या वेळानं तिनं पुढचं सांगायला सुरुवात केली.